‘बेपत्ता’ हा शब्द खोडू नका

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

डिसेंबर जवळ आला की १९७१ च्या युद्धातल्या वैमानिकांवर लेख छापून येतात, शाळांमध्ये आणि चौकांमध्ये फलक लागतात. लोक आठवण ठेवतात याचे मोल मोठे आहे. पण दरवर्षी त्याच त्या चुका होतात, आणि त्यांतली एक आम्हाला फार लागते. शत्रूच्या तळावर हल्ल्याला जाऊन परत न आलेल्या माणसाला सरसकट ‘हुतात्मा’ लिहून मोकळे होतात.

फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांचेच पाहा. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानने आपल्या हवाई तळांवर हल्ले केले आणि दुसऱ्या दिवसापासून आपली सुखोई-७ विमाने त्यांच्या तळांवर जाऊ लागली. तांबे हवाई दलाच्या ३२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये, म्हणजे विमानांच्या तुकडीत, होते. ५ डिसेंबरला शोरकोट रोड तळावरच्या हल्ल्यातून ते परतले नाहीत. आज रफीकी म्हणून ओळखला जाणारा हा तळ सीमेपासून सुमारे दीडशे किलोमीटर आत आहे. खात्रीने लिहिता येते ते इथवरच.

सुखोई-७ दणकट विमान होते, पण त्याची इंधनाची भूक मोठी. एकच इंजिन, आणि आफ्टरबर्नर (इंजिनाच्या मागच्या झोतात जादा इंधन जाळून जोर वाढवण्याची सोय) लावला की इंधनाचा काटा बघता बघता खाली येई. म्हणून पोटाखाली दोन जादा टाक्या घेऊन जावे लागे आणि बॉम्ब किंवा रॉकेटे पंखांखाली. जमिनीलगत उडत जायचे, तळ जवळ आला की झपकन वर चढायचे, लक्ष्य हेरायचे आणि त्यावर सूर मारायचा. धोका असतो तो त्या चढण्यात. तेवढ्या काही सेकंदांत वेग उतरतो, विमान खालच्या तोफांना उघड्यावर सापडते आणि वर गस्त घालणारी लढाऊ विमाने मागे लागतात. सुखोईच्या कॉकपिटमधून मागचे नीट दिसत नसे. सुटण्यासाठी आफ्टरबर्नर लावावा, तर घरी पोहोचण्यापुरते इंधन उरेल की नाही ही चिंता.

विमान पडले म्हणजे माणूस गेलाच, असे मात्र नाही. २६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे दिलीप परुळकर सुखोई-७ मधूनच १० डिसेंबरला पडले, पकडले गेले, ऑगस्ट १९७२ मध्ये रावळपिंडीच्या छावणीतून दोन साथीदारांसह निसटले, अफगाण सीमेजवळच्या लंडी कोतलला पुन्हा सापडले आणि १ डिसेंबर १९७२ ला इतर कैद्यांबरोबर वाघा सीमेवरून परतले. त्या परतलेल्यांत तांबे नव्हते. पण एका पाकिस्तानी वृत्तपत्रात भारतीय वैमानिक जिवंत पकडल्याची बातमी आली होती आणि तिच्यात ‘टॉम्बे’ असे आडनाव होते, हे त्यांच्या घरच्यांनी वर्षानुवर्षे सांगितले आहे. १९७९ मध्ये सरकारने लोकसभेत पाकिस्तानी तुरुंगांत असलेल्या चाळीस जणांची नावे दिली. १९८३ आणि २००७ मध्ये नातेवाइकांनी तिथले तुरुंग पाहिले, हाती काही लागले नाही. असे कोणी आमच्याकडे नाहीत, असे पाकिस्तान म्हणत आले. सात वर्षे पत्ता नसलेल्या माणसाला मृत मानण्याची कायद्यात सोय आहे. तेवढ्याने तो कसा आणि कुठे गेला हे सिद्ध होत नाही. म्हणून लिहायचे ते ‘बेपत्ता’.

दमयंती तांबे यांना ‘वीरपत्नी’ म्हणतानाही हेच ध्यानात ठेवावे. तो शब्द आपल्याकडे हुतात्म्याच्या पत्नीसाठी रुळला आहे. त्या बॅडमिंटनमधल्या राष्ट्रीय विजेत्या आणि १९७० च्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी, ही ओळख आधी यावी.

आता नावाचे. दप्तरात विजय तांबे यांचे इंग्रजी आडनाव ‘टी-ए-एम-बी-ए-वाय’ असे आहे. आपण सवयीने शेवटी ‘ई’ लावून शोधतो, काही सापडत नाही, आणि मग ऐकीव माहितीवर मजकूर तयार होतो. भारतीय सैन्यदलांतल्या बेपत्ता ५४ जणांच्या यादीत प्रदीप विनायक आपटे, अशोक बळवंत धवळे, श्रीकांत चंद्रकांत महाजन, रमेश गुलाबराव कदम अशी आणखी मराठी नावे आहेत. एकाच आडनावाचे अनेक असतात, तेव्हा वडिलांच्या नावासकट, शक्य तर सेवा क्रमांकासह पडताळावे. हुद्दाही पूर्ण लिहावा. फ्लाइट लेफ्टनंट हा भूदलातल्या कॅप्टनच्या बरोबरीचा. नुसते ‘लेफ्टनंट’ लिहिले की माणूस एक पायरी खाली येतो.

तारखेचा घोळ रात्रीच्या हल्ल्यांत जास्त होतो. पाकिस्तानचे घड्याळ आपल्या अर्धा तास मागे. आपल्याकडे रात्रीचे सव्वाबारा वाजून ५ तारीख लागलेली असते, तेव्हा तिकडे पावणेबारा आणि ४ तारीख असते. दोन्हीकडच्या नोंदी जुळत नाहीत म्हणून लगेच एक खोटी ठरवू नये, आधी वेळ कोणत्या देशाची ते पाहावे.

रात्रीचे हल्ले मुख्यतः कॅनबेरा बॉम्बफेकी विमानांचे, आणि पुण्याला ती परकी नव्हती. ३५ क्रमांकाचे स्क्वाड्रन लोहगावचेच. कॅनबेरात दोघे असत, वैमानिक आणि नॅव्हिगेटर. फलकावर मात्र बहुधा वैमानिकच येतो. आपल्या हवाई दलाच्या बी-आय-५८ जातीच्या कॅनबेरात वैमानिकाला बाहेर फेकणारी आसनव्यवस्था होती, नॅव्हिगेटरला नव्हती. त्याला विमानाच्या नाकाडातून मागे सरकत येऊन बाजूच्या दारातून उडी घ्यावी लागे. विमान खाली असेल तर तेवढा वेळच मिळत नसे. त्या माणसाचे नाव गाळणे आम्हाला अक्षम्य वाटते. बेपत्तांच्या यादीतले फ्लाइट लेफ्टनंट ससून आणि अडवानी हे एकाच कॅनबेरातले. त्यांची नावे एकत्रच लिहावीत.

छायाचित्रही तपासावे. सुखोई-७ च्या बातमीला मिग-२१ चे चित्र लावतात. दोन्हींच्या नाकाला हवेचे गोल तोंड आहे, त्यामुळे फसगत होते. पंख पाहावेत. मिगचे त्रिकोणी, सुखोईचे मागे झुकलेले लांब पंख.

येत्या ५ डिसेंबरसाठी आमची विनंती एवढीच की फलकावर किंवा चौकटीत हा मजकूर घ्यावा:

‘फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे, ३२ स्क्वाड्रन, भारतीय हवाई दल. ५ डिसेंबर १९७१ रोजी शोरकोट रोड हवाई तळावरच्या हल्ल्यातून परतले नाहीत. बेपत्ता.’

कळावे,
१९७१ च्या हवाई युद्धाच्या नोंदी जमवणारे काही वाचक, पुणे