इसिसला लॅमिनेशन नको

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत जुन्या परदेशी कॉमिक्सवर टिपण आले आणि सोबत ‘इसिस’च्या पहिल्या अंकाचे मुखपृष्ठही. विषय निवडल्याबद्दल आभार. मात्र असे अंक ‘लॅमिनेट करून घ्यावेत’ हा शेवटचा सल्ला कुणी ऐकू नये, म्हणून हे पत्र.

आधी एक दुरुस्ती. टिपणात म्हटले तसे कॉमिकवरून मालिका निघाली नाही, मालिकेवरून कॉमिक निघाले. फिल्मेशन या अमेरिकी निर्मितीसंस्थेची मालिका तिथल्या सीबीएस वाहिनीवर सप्टेंबर १९७५ मध्ये सुरू झाली. डीसी या कॉमिक्स प्रकाशनाचा पहिला अंक ऑक्टोबर-नोव्हेंबर १९७६ चा, किंमत ३० सेंट; पेन्सिलीची चित्रे रिक एस्ट्राडा यांची, त्यांवरची शाई वॉली वुड यांची. दर दोन महिन्यांनी एक, असे आठच अंक निघाले. नायिका अँड्रिया थॉमस शाळेत विज्ञान शिकवते. इजिप्तमधल्या उत्खननात तिला राणी हॅटशेपसुटचा ताईत सापडतो. इसिस या प्राचीन इजिप्शियन देवीचे नाव पुकारले की तिचे रूप पालटते आणि यमक जुळवून आज्ञा केली की वारासुद्धा ऐकतो. हे यमक पोरकट वाटते खरे, पण मूळ इसिसची ताकदही शब्दातच होती. सूर्यदेव रा याच्या लाळेत माती कालवून तिने साप घडवला आणि दंशाने तळमळणाऱ्या रा-कडून त्याचे गुप्त नाव काढून घेतले. नायिकेच्या उडण्यालाही पुराणात आधार आहे: नवरा ओसायरिस याच्या शवावर देवी इसिस घारीच्या रूपात पंख पसरते. (आज हे नाव रद्दीवाल्याकडे मोठ्याने विचारायची सोय राहिलेली नाही, ती गोष्ट वेगळी.)

आता लॅमिनेशन. आतला कागद वर्तमानपत्राचाच, लाकडाच्या लगद्याचा. त्यातल्या लिग्निन या लाकडातल्या घटकामुळे तो पिवळा पडतो आणि आम्ल धरतो. तुमच्या वर्तमानपत्राचाच एखादा अंक दोन दिवस खिडकीत उन्हात ठेवून पाहा. लॅमिनेशनमध्ये हे आम्ल आतच कोंडले जाते, चिकटद्रव्य उष्णतेने कागदाच्या धाग्यांत उतरते आणि ते पुन्हा निघत नाही. शिवाय पाने सुटी करावी लागतात, म्हणजे अंक संपलाच. सेलोटेपही तसाच: काही वर्षांत फिल्म सुटून येते, तेलकट तपकिरी डाग मात्र कायमचा.

जुन्या बाजारात किंवा रद्दीत अंक मिळाला, तर घेण्याआधी पृष्ठे मोजा: मुखपृष्ठ-मलपृष्ठाची ४ धरून ३६. मधले जोडपान दोन्ही पिनांत घट्ट आहे का पाहा. तेच आधी निखळते. जाहिरातीतली कुपने कापलेली असली, तर मागच्या बाजूची गोष्टही तेवढी गेलेली असते. मुखपृष्ठ नसेल तर पहिल्या पानाच्या तळाची बारीक अक्षरे वाचा, अंकाचा क्रमांक आणि महिना तिथे मिळतो.

अंक साधारण १७ बाय २६ सेंटिमीटरचा असतो. पिशवी त्याहून सेंटिमीटरभर मोठी, पॉलिप्रॉपिलीनची. परवडली तर पॉलिएस्टरची. वासाचे मऊ पीव्हीसी नको, ते छपाईला चिकटते. मागे आम्लरहित पुठ्ठा घाला. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा घातलात तर दोन-चार वर्षांत मलपृष्ठावर तपकिरी सावली उमटेल. एका पिशवीत एकच अंक. खोक्यात उभे ठेवा, पण तिरके कलू देऊ नका, नाहीतर कणा वाकतो.

पुण्यात खरी परीक्षा जुलै-ऑगस्टात. हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांवर जाते, कागदाला ती ४० ते ५० लागते. भिंतीला टेकलेले लोखंडी कपाट सर्वांत वाईट: आत ओल धरते आणि पिना गंजतात. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढा, खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्यांचा रंग बदलला की बदला. डांबरगोळ्या अंकाला टेकवू नका. कसर दिसली तर अंक हवाबंद पिशवीत घालून फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर दिवसभर पिशवी उघडायची नाही, नाहीतर बाष्प कागदावर बसते. बुरशी ओल्या फडक्याने पुसू नका, ती पसरते. आधी पूर्ण सुकू देऊन मग मोकळ्या हवेत, तोंडाला मास्क लावून, मऊ ब्रशने झटका. आणि गच्चीवर ऊन दाखवण्याची आपली सवय पापडांपुरतीच ठेवावी. उन्हात आधी लाल आणि पिवळा रंग उडतो.

गंजलेल्या पिनांबद्दल जाणकारांतही एकमत नाही. गंज वरवरचा असेल तर हात न लावणे बरे. कागद खाऊ लागला असेल, तर आतल्या बाजूने पिनेचे पाय पातळ पात्याने सरळ करून ती उचलावी आणि त्याच भोकांतून सुती दोरा घालावा. मात्र विकताना हे सांगावे लागते आणि किंमत उतरते.

कळावे, 
जुन्या कॉमिक्सचे काही संग्राहक,
सदाशिव पेठ, पुणे