ब्रिज वापरण्यापूर्वी चावी कोणाकडे आहे, ते विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोलापुरात कर सल्लागार म्हणून काम करताना आभासी चलनाचे व्यवहार घेऊन येणारे तरुण अशील मला वाढताना दिसत आहेत. नाणे घेताना ही मुले भावाची बारकाईने चौकशी करतात. मात्र तेच नाणे इथेरियम या ब्लॉकचेनवरून (व्यवहारांच्या सामायिक डिजिटल नोंदवहीवरून) दुसऱ्या ब्लॉकचेनवर नेणाऱ्या ‘ब्रिज’ या सेवेविषयी एकही प्रश्न विचारत नाहीत, याची मला काळजी वाटते.

बहुतेक ब्रिजमध्ये नाणे प्रत्यक्षात पलीकडे जातच नाही. मूळ नाणे पहिल्या साखळीवर, म्हणजे ब्लॉकचेनवर, अडकवून ठेवले जाते आणि त्याच्या बदल्यात दुसऱ्या साखळीवर ‘रॅप्ड’ नाणे तयार होते. हाती येते ती जणू चादरींच्या गाठी ठेवलेल्या गोदामाची पावती असते. गोदामच रिकामे झाले, तर पावती जपून काय उपयोग?

मार्च 2022 मध्ये ‘रोनिन’ ब्रिजमधून 1,73,600 इथर (इथेरियमचे नाणे) आणि अडीच कोटींहून अधिक यूएसडीसी (डॉलरशी जोडलेले नाणे) चोरीला गेले. पैसे सोडण्यासाठी नऊपैकी पाच पडताळणीदारांच्या (व्यवहार तपासून मंजूर करणाऱ्यांच्या) सह्या पुरेशा होत्या आणि सही करण्याच्या गुप्त डिजिटल चाव्यांपैकी चार एकाच कंपनीकडे होत्या. पाचवी सही मिळाली ती कामाच्या सोयीसाठी पूर्वी दिलेली, काम संपल्यावरही रद्द न केलेली परवानगी वापरून. चोरी उघडकीस यायला सहा दिवस लागले. त्याआधी फेब्रुवारीत ‘वर्महोल’ या दुसऱ्या ब्रिजमध्ये सह्यांच्या पडताळणीतील चुकीमुळे मागे काहीही तारण नसलेले 1,20,000 रॅप्ड इथर निर्माण झाले होते.

रोनिनमधील ती विसरलेली परवानगी मला सर्वांत बोलकी वाटते, कारण तीच चूक आपल्या वॉलेटमध्येही (नाणी ठेवण्याच्या डिजिटल पाकिटातही) होत असते. ब्रिज वापरताना नाणी खर्चण्याची ‘अमर्याद’ परवानगी अनेकदा मागितली जाते आणि घाईत ती दिली जाते. पुढे ब्रिज चालवणाऱ्या संगणकीय करारात (प्रोग्रॅममध्ये) दोष निघाला, तर वॉलेटमधील उरलेली नाणीही त्या वाटेने जाऊ शकतात. म्हणून परवानगी लागेल तेवढ्याच रकमेची द्यावी आणि काम झाल्यावर रद्द करावी. आधी अगदी लहान रक्कम पाठवून पाहावी, टेलिग्रामवर आलेल्या दुव्यावरून ब्रिज उघडू नये आणि सीड फ्रेज (वॉलेट उघडणारे गुप्त शब्द) कोणालाही सांगू नये. यूएसडीसीसारख्या नाण्यासाठी मूळ कंपनीचाच एकीकडे नाणे नष्ट करून दुसरीकडे नवे देणारा मार्ग उपलब्ध असेल, तर तो निवडावा. त्यात अडकवलेल्या नाण्यांचा साठा मागे राहत नाही.

कराच्या बाजूनेही दिलासा नाही. 1 एप्रिल 2022 पासून अशा आभासी मालमत्तेच्या नफ्यावर 30 टक्के कर आहे आणि तिच्या हस्तांतरातील तोटा इतर उत्पन्नातून वजा करता येत नाही. त्यामुळे प्रत्येक व्यवहाराचा हॅश (ओळख क्रमांक) दोन्ही साखळ्यांवरून जपून ठेवावा. फसवणूक झाल्यास 1930 या सायबर मदतवाहिनीवर तक्रार करतानाही तो लागेल.

मार्च 2023 पासून आभासी मालमत्तेचे व्यवहार करून देणाऱ्या संस्था मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली आल्या आहेत. त्यांपैकी ज्या संस्था ब्रिजची सोय देतात, त्यांनी चाव्या किती जणांकडे आहेत, किती सह्या लागतात आणि साठा चोरीला गेल्यास भरपाई कोण देणार, हे ग्राहकाने रक्कम पाठवण्यापूर्वी त्याच पडद्यावर मराठीत सांगावे, अशी माझी मागणी आहे.

आपला,
एक कर सल्लागार, नवी पेठ, सोलापूर