आयर्विन पुलावरच्या गर्दीबद्दल पर्यटनमंत्र्यांना खुले पत्र

मा. पर्यटनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई यांस,

सप्रेम नमस्कार.

मी सांगलीच्या गावभागातला. जुलै-ऑगस्टात आमच्याकडे माणूस माणसाला भेटला की पहिला प्रश्न असतो, "आयर्विनला किती फूट?" आणि दुसरा, "कोयनेतून किती सोडलं?" कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी मोजतात; 40 फुटांना इशारा, 45 ला धोका, हे इथल्या पोरांना पाढ्यांसारखं पाठ आहे. पाणी चढू लागलं की पुलावर माणसं जमतात. बायकापोरांना घेऊन येतात, कठड्याला टेकून फोटो काढतात, भाजलेली कणसं खातात. पोलीस शिट्ट्या मारून दमतात. त्याच वेळी सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगरातली माणसं गॅसची टाकी आणि गाद्या उचलून घराबाहेर पडत असतात.

या गर्दीला शिव्या घालणं सोपं आहे. पण 2005 ला पाणी 53 फुटांवर गेलं, तेव्हा मी त्याच कठड्याला टेकून उभा होतो. 2019 ला ते 57 फुटांवर गेलं, तेव्हा मात्र आमच्याच माडीवर अडकलो होतो आणि बोटीतून जाणारे आमचे फोटो काढत होते. राग आला. मग 2005 आठवलं आणि गप्प बसलो.

जिथे संकट आलं, माणसं गेली, अशा ठिकाणी बघायला जाण्याला अभ्यासक 'डार्क टुरिझम' म्हणतात. हा शब्द 1996 सालचा; ओढ मात्र जुनी. ज्वालामुखीने गाडलेलं पॉम्पेई बघायला लोक कित्येक पिढ्या जाताहेत. काही जण नुसत्या कुतूहलाने येतात, काहींना गेलेल्यांची आठवण ओढून आणते. आणि बऱ्याच जणांना, माझ्या मते, 'आपण त्यात नव्हतो' हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं असतं. आम्ही पुलावर नेमकं तेच पाहत होतो.

हे पत्र लिहायचं कारण ब्रह्मनाळ. 8 ऑगस्ट 2019 ला कृष्णा-येरळेच्या संगमावरच्या या गावातून पूरग्रस्तांना बाहेर काढणारी बोट उलटली. डझनाहून जास्त माणसं गेली, त्यात बायका आणि लहान मुलं बरीच. अशा जागी हल्ली काय होतं, हे आपण जाणता: एक कमान, रंगीत अक्षरं, बाजूला सेल्फी पॉइंट. साहेब, ब्रह्मनाळला एवढं मात्र होऊ देऊ नका. तिथे काही उभारायचं की नाही, हे आधी ज्यांच्या घरातली माणसं गेली त्यांना विचारा. ते नको म्हणाले, तर फाइल बंद करा.

लोकांना आवरता येत नाही, हे मलाही कळतं. ऑशविट्झच्या छळछावणीचं संग्रहालय 1947 पासून आहे, तरी तिथल्या रुळांवर तोल सांभाळत चालणाऱ्यांना 2019 मध्ये समज द्यावी लागली. पण भुजला बघा. 2001 च्या भूकंपाचं स्मृतिवन 2022 मध्ये भुजिया डोंगरावर खुलं झालं. तिथे गेलेल्यांची नावं कोरली आहेत. आपल्या गावाचं नाव शोधता शोधता माणूस आपोआप हळू बोलायला लागतो.

सांगलीला एवढा डोंगर नको. हरभट रोडपासून मारुती चौकापर्यंत भिंतींवर 2005, 2019 आणि 2021 च्या पुराच्या रेघा पक्क्या करून द्या, शेजारी तारीख आणि फूट. पुलाजवळ एक साधी खोली द्या. पाणी कुठून येतं, धरणांतून कसं सोडलं जातं, कुठली वस्ती आधी बुडते, हे तिथे मराठीत लिहा. पुराला कर्नाटकातलं अलमट्टी धरण जबाबदार की नाही, यावरून भांडायचं असेल तर आकडे समोर ठेवून भांडू. आणि पाणी चढत असताना पूल बंदच ठेवा. बघणाऱ्यांना ती खोली उन्हाळ्यात दाखवा.

आमच्या जिन्यावर 2019 ची चिखलाची रेघ अजून आहे. रंग देताना आईने ती पुसू दिली नाही. 2005 ची तिच्या चार पायऱ्या खाली आहे. मे महिन्यात सांगलीला आलात तर चहाला या, दाखवतो.

आपला,
गावभागातला एक रहिवासी, सांगली