प्रथिन नेमके कोणत्या पटलात?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पेशीविज्ञानाच्या बातम्यांत ‘अमुक प्रथिन तंतुकणिकेत आढळले’ असे वाक्य येते आणि बातमी तेथेच थांबते. पटलातील प्रथिनाबाबत एवढी माहिती पुरत नाही. तंतुकणिकेला दोन पटले असतात. प्रथिन त्यांपैकी कोणत्या पटलात रुतले आहे आणि त्याची टोके कोणत्या बाजूला आहेत, यावरच ते कोणते काम करू शकेल हे अवलंबून असते.

यीस्टच्या प्रथिनाला जीएफपी हे हिरवे चमकणारे प्रथिन जोडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे सोपे आहे, आणि २००३ साली चार हजारांहून अधिक प्रथिनांची ठिकाणे अशीच नोंदवली गेली. ते काम मोलाचेच आहे. परंतु साध्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाला सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा जवळच्या गोष्टी वेगळ्या दिसत नाहीत, आणि दोन पटलांमधील अंतर त्याहून कितीतरी कमी असते. शिवाय फिस१सारख्या प्रथिनाची तंतुकणिकेकडे नेणारी खूण त्याच्या शेवटच्या टोकाशी असते. जीएफपी तेथेच जोडले, तर प्रथिन भलतीकडे जाण्याचा धोका असतो.

खरा निवाडा प्रथिने तोडणाऱ्या विकराच्या प्रयोगात होतो. यीस्टची पेशीभित्तिका विरघळवून तंतुकणिका अखंड वेगळ्या करतात आणि त्यांत प्रोटिनेज-के हे विकर घालतात: बाह्य पटलातून बाहेर डोकावणारे टॉम७० हे प्रथिन तुटते, आतल्या पटलातील टिम२३ हे प्रथिन वाचते. मग पातळ द्रावणात तंतुकणिका फुगवून फक्त बाह्य पटल फोडले की दोन पटलांमधल्या जागेत डोकावणारे टिम२३ही तुटते, पण सर्वांत आतल्या मॅट्रिक्समधील प्रथिने शाबूत राहतात. शेवटी डिटर्जंटने दोन्ही पटले विरघळवून, तपासायचे प्रथिन मुळात या विकराने तुटते ना, हे पाहावे लागते. ही पायरी गाळली तर आधीच्या टिकून राहण्याला काहीच अर्थ उरत नाही. प्रथिन पटलात रुतलेले आहे की नुसते चिकटलेले, हे पाहण्यासाठी सुमारे ११.५ सामूचे सोडियम कार्बोनेट वापरतात. चिकटलेली प्रथिने द्रावणात येतात, रुतलेली बहुधा पटलासोबत तळाशी बसतात.

यांपैकी कोणता पुरावा हाती आहे, हे सांगणारे एक वाक्य अशा प्रत्येक बातमीत असावे आणि केवळ चमकणारे चित्र उपलब्ध असेल तर तसे स्पष्ट लिहावे, ही विनंती.

आपला,
एक विज्ञानप्रेमी वाचक