खंडूच्या डॉक्टरताईंना

लोकमान्य नगर, इंदूर

डॉक्टरताई, सप्रेम नमस्कार.

परवा चंपाषष्ठी झाली. दरवर्षीसारखं सकाळी राजवाड्यातल्या मल्हारी मार्तंडाचं दर्शन घेऊन आलो, घरी भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला, तळी उचलली. आमच्याकडे या दिवशी देवाचं पान वाढून झालं की पहिला घास कुत्र्याचा, कारण कुत्रा खंडोबाचा. आधीची पाच वर्षं तो घास मी खंडूला मोठ्या भक्तिभावाने भरवला. कांद्याची पात घातलेलं, वरून लसणाची फोडणी दिलेलं भरीत. चातुर्मासभर कांदा-लसूण बंद असतो, त्यामुळे त्या दिवशी हात जरा सैलच सुटायचा. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात हे तुम्ही सांगितलंत, तेव्हा मी तुमच्या दवाखान्यातच रडले होते. तुम्ही रागावला नाहीत. "आता कळलं ना, आता बंद करू," एवढंच म्हणालात.

हे पत्र मी सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, त्याला कारण आहे. खंडूची चमकती कातडी पाहून लोक विचारतात, याला काय देता? मी म्हणते, सोयाबीन आणि भात. आणि मग ते घरी जाऊन आपल्या कुत्र्याला सोयाबीन-भात सुरू करतात. तुमचे आभार मानायचे तर तुम्ही नेमकं काय केलंत हे पूर्ण सांगायला हवं, नाहीतर माझ्या कौतुकानेच कुणाच्या तरी कुत्र्याचं नुकसान व्हायचं.

तुमच्याकडे आलो तेव्हा खंडूची काय दशा होती! पोटावरचे केस गेलेले, कान सतत वाहणारे, पंजे चाटून चाटून लालबुंद. रात्री सगळं घर झोपलं की त्याचं ते चाटणं तेवढं ऐकू यायचं, आणि मी उठून त्याच्याजवळ जाऊन बसायची. तोवर दोन-तीन ठिकाणी दाखवून झालं होतं. इंजेक्शन दिलं की तीन आठवडे बरं, मग पुन्हा तेच. खातो काय, हे कुणी विचारलं नव्हतं. तुम्ही पहिल्याच दिवशी वही काढलीत आणि तासभर तेवढंच विचारत राहिलात. सकाळी काय, रात्री काय, शेजारचे काय देतात, फिरताना रस्त्यावर काय उचलतो. पोह्यांच्या दुकानाबाहेर पडलेले कागद तो चाटतो, हेसुद्धा तुम्ही लिहून घेतलंत. आधी पिसवा पाहिल्यात, कातडी खरवडून काचेवर घेऊन बुरशी आणि खरजेचे किडे नाहीत याची खात्री केलीत, आणि मगच म्हणालात की आता खाण्याकडे बघू.

तेव्हा मी भीत भीत मनातलं बोलले. आमच्या घरात मांस शिजत नाही. खंडूसाठी म्हणून मागच्या अंगणात वेगळी शेगडी, वेगळं पातेलं ठेवून मी चिकन उकडायची, आणि रोज मनाला लागायचं. त्याला शाकाहारी करता येईल का? मला वाटलं, एक तर तुम्ही झिडकाराल, नाहीतर "हो, द्या दूध-पोळी" म्हणून मोकळ्या व्हाल. तुम्ही म्हणालात, "करू या. पण मोजून करायचं, आणि तपासणीने नाही म्हटलं तर थांबायचं. कबूल?"

ताई, ते "कबूल?" मी विसरणार नाही. माझी इच्छा तुम्ही खरी मानलीत आणि तिच्यापेक्षा खंडूला वर ठेवलंत, दोन्ही एकाच वाक्यात.

मग तो हिशेब. खंडू 18 किलोचा. नुसतं पडून राहायला त्याच्या अंगाला 612 कॅलरी लागतात, नसबंदी झालेला मोठा कुत्रा म्हणून त्याला 1.6 ने गुणायचं, म्हणजे दिवसाला साधारण 980. त्यातून 110 ग्रॅम कोरडं सोयाबीन, 100 ग्रॅम तांदूळ, लाल भोपळा, गाजर, फरसबी आणि दोन चमचे तेल. मीठ नाही, मसाला नाही. सोयाबीन रात्रभर भिजवायचं, ते पाणी फेकायचं, आणि बोटाने चिरडेल इतकं कुकरला शिजवायचं, कारण कच्च्या सोयाबीनमधलं एक द्रव्य प्रथिनं पचूच देत नाही आणि ते उष्णतेनेच मरतं. मी मसूर सुचवली होती, हलकी म्हणून. तुम्ही सांगितलंत की प्रथिनांचे जे घटक कुत्र्याला बाहेरूनच मिळावे लागतात, ते कडधान्यांत सोयाबीनइतके पुरे दुसऱ्या कशात नाहीत.

मला त्या क्षणी फार वेगळं वाटलं. अख्खा माळवा सोयाबीनवर जगतो. त्याच्या संशोधनाची राष्ट्रीय संस्था 1987 पासून आमच्या इंदूरात आहे. सांवेरला मामांच्या शेतात दरवर्षी तेच पीक. पण आमच्या मराठी घरांत सोयाबीन विकायचं असतं, खायचं नसतं; तेल आपलं, पेंड गुरांची. आता मामा दसऱ्यानंतर एक कट्टा बाजूला काढून ठेवतात आणि त्याला "खंडूचा कट्टा" म्हणतात.

सासूबाईंना मात्र पटेना. कुत्रा म्हणजे लांडग्याची जात, डाळ-भातावर कसा जगेल? तुम्ही फोनवर त्यांना 2013 सालचं संशोधन समजावून सांगितलंत, की माणसाजवळ राहून राहून कुत्र्यात पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कितीतरी वाढल्या आहेत. त्यांना जनुक कळलं नसेल. पण डॉक्टर आपल्याशी इतका वेळ बोलल्या, याने त्या विरघळल्या आणि भोपळा चिरायला बसू लागल्या.

त्यानंतर सलग 8 आठवडे या अन्नाशिवाय दुसरं काहीही तोंडात जाऊ द्यायचं नव्हतं, आणि ते कठीण गेलं. नवं अन्न दहा दिवसांत थोडं थोडं वाढवत नेलं, तरी सुरुवातीला पोटात वायू धरला, शी दुप्पट झाली. समोरचे आजोबा रोज प्रेमाने बिस्कीट द्यायचे, त्यांच्याशी मला पहिल्यांदा कडक बोलावं लागलं. पाचव्या आठवड्यात अचानक कान लाल झाले आणि मी हताश झाले. तुम्ही विचारलंत, जंताची गोळी दिलीत का? दिली होती, चघळायची, मांसाच्या चवीची. एवढ्याने बिघडतं हे मला कुठून कळणार! त्या दिवसापासून 8 आठवडे पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.

कातडी भरून आली तेव्हा मी पेढे घेऊन आले, आणि तुम्ही म्हणालात, आता चिकन द्या. माझ्या अंगावर काटा आला. पण तुम्ही ठाम होतात: चिकनमुळेच होतं हे सिद्ध झाल्याशिवाय आपण अंदाजावर चालतो आहोत, आणि अंदाजावर आयुष्यभर पथ्य लादायचं नाही. दिलं. चौथ्या दिवशी पंजे लाल. चिकन थांबवलं, आणि आठवड्याभरात सगळं शांत. हे तुम्ही केलं नसतंत, तर मांस सोडल्यामुळे तो बरा झाला असं मी जगभर सांगत सुटले असते. खरं एवढंच आहे, की खंडूला चिकन सोसत नव्हतं. दुसऱ्या कुत्र्याला गहू सोसत नसेल, दूध सोसत नसेल.

आणि आता ते, जे विचारणारे लोक ऐकून घेत नाहीत. सोयाबीन-भात हा खंडूचा पूर्ण आहार नाही. सोयाबीनमध्ये फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम कमी. दोन्ही निदान बरोबरीला यावीत, कॅल्शियम फार तर दुपटीपर्यंत, म्हणून रोज कॅल्शियम घालावं लागतं, नाहीतर शरीर ते हाडांतून काढतं. बी-12 वनस्पतीत नाहीच. ड जीवनसत्त्व आपल्यासारखं उन्हातून मिळवणं कुत्र्याला जमत नाही. जस्त आणि आयोडीनही हवं. या सगळ्याची मात्रा तुम्ही खंडूच्या वजनावर आणि रक्ताच्या अहवालावर ठरवलीत, म्हणून ती मी इथे मुद्दाम लिहीत नाही. टॉरिन म्हणून हृदयाला लागणारं एक द्रव्य असतं, त्याची पूडही तुम्ही जोडलीत. कुत्र्याचं शरीर ते स्वतः बनवतं, पण त्याला लागणारा कच्चा माल कमी पडला तर हृदय सैल पडू शकतं. 2018 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वाटाणे आणि मसूर भरपूर असलेल्या कुत्र्यांच्या काही खाद्यांची हृदयाच्या अशाच तक्रारींवरून चौकशी सुरू केली होती, हे तुम्हीच सांगितलंत, आणि खंडूचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घेतलात. दर सहा महिन्यांनी रक्त आणि लघवी तपासायची, कारण अशा आहाराने लघवीचा आम्लपणा घटून खडे होऊ शकतात. तो कागद मी फ्रीजवर लावला आहे.

तुम्ही नकार दिलेलेही मला ठाऊक आहेत. आमच्या गल्लीतले एक जण तीन महिन्यांच्या पिल्लाला असंच खाऊ घालायला निघाले होते. वाढत्या हाडांवर हा प्रयोग करायचा नाही, म्हणून तुम्ही त्यांना परत पाठवलंत. माझ्या नणंदेने मांजरासाठी विचारलं, तेव्हा तर तुम्ही वाक्य पूर्णही करू दिलं नाहीत. मांजर टॉरिन पुरेसं बनवू शकत नाही, अ जीवनसत्त्वही भाज्यांतून घेऊ शकत नाही. मांस हीच तिची गरज. नणंद रागावली आहे अजून. मला मात्र तुमचा तो नकार मला दिलेल्या होकाराइतकाच मोलाचा वाटतो.

तर परवाचं सांगायचं राहिलं. वांगं भाजलं, सोललं, आणि त्याचे दोन भाग केले. एकात पात, लसूण, मिरची. दुसरं नुसतं कुसकरलेलं, त्यात मीठही नाही. बाजरीचा एक चिमुकला रोडगा सासूबाईंनी वेगळा थापला. तुम्ही तळहातावर मावेल एवढंच म्हणाला होतात, तेवढंच दिलं आणि रात्रीच्या भातातून तेवढं कमी केलं. खंडूने पान चाटून पुसून ठेवलं, मग सासूबाईंच्या कपाळाचा भंडारा हुंगला आणि शिंकला.

त्याची सहामाही तपासणी पौषात आहे. वही घेऊन येते.

तुमची कृतज्ञ,
खंडूची आई