दादांची नडगी आणि इथली माणसे

ग्लासगो,
शनिवार, रात्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. दादांच्या नडगीत सळई घालून आठ महिने झाले तरी एक्स-रेमध्ये फट तशीच दिसते, डॉक्टर आता कमरेच्या हाडाचा चुरा काढून त्या फटीत भरू म्हणतात, आणि दादा मात्र "मोडलेले एक धड होईना, आता धडधाकट हाडालाही हात लावणार का?" म्हणून अडून बसले आहेत, हे सगळे कळले. पत्राच्या शेवटी तू विचारले आहेस, की मी इतकी वर्षे हाडे जुळवण्याच्या संशोधनात आहे, तर दादांना लावता येईल असे आमच्याकडे काही आहे की नाही. त्याचे उत्तर आधीच देऊन टाकतो. दादांना आज लावता येईल असे आमच्या प्रयोगशाळेत काही नाही. पण नुसते 'नाही' लिहून पाकीट बंद केले, तर मी इथे नेमके काय करतो असा प्रश्न तुला पडेल आणि तो रास्तच असेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट अशी, की हाड आम्ही जोडत नाही आणि तुमच्याकडचे डॉक्टरही जोडत नाहीत. हाड मोडले की तिथे रक्त साकळते, त्या गाठीत कूर्चेसारखा मऊ जोड तयार होतो, त्यात चुना भरत जाऊन तो कडक होतो, आणि पुढे कित्येक महिने शरीर तो ओबडधोबड जोड तासून मूळच्या आकारावर आणत राहते. कातडीवर जखमेचा व्रण राहतो, हाडावर बहुधा तोही राहत नाही. डॉक्टरांची सळई म्हणजे फक्त हा उद्योग चालू असताना दोन्ही टोके हलू नयेत म्हणून दिलेला आधार. आमचे काम त्याहून काकूंच्या विरजणाजवळचे आहे. दूध, ऊब आणि चमचाभर दही यांची सोय करायची, भांडे हलवायचे नाही आणि वाट पाहायची. लागले नाही तर का लागले नाही याचा शोध घ्यायचा. नडगीच्या बाबतीत तर पुढच्या अंगाला मांस नसते, कातडीखाली थेट हाडच असते, त्यामुळे रक्तपुरवठा मुळातच बेताचा. हट्टी फट राहण्यात हे हाड बदनाम आहे, तेव्हा दादांचे काही जगावेगळे झाले आहे असे समजू नकोस.

आता माणसांकडे येतो. आमच्याकडची एक सहकारी आठवड्यातून दोनदा सकाळी शस्त्रक्रियागृहाच्या दारात डबी घेऊन उभी असते. खुब्याचा सांधा बदलताना मांडीच्या हाडाचे डोके काढून टाकावेच लागते. रुग्णाने आधी लेखी संमती दिली असेल, तर ते कचऱ्यात न जाता तिच्या डबीत येते. मोठ्या लिंबाएवढा तो गोळा. जिथली कूर्चा झिजून गेलेली असते तिथे तो हस्तिदंतासारखा चकाकतो, आणि फोडला की आत लालसर, अनारशासारखी जाळी दिसते. त्या जाळीतला मगज धुऊन काढायचा, चपट्या बाटलीत ओतायचा आणि काही दिवस थांबायचे. ज्या पेशी तळाला चिकटतात त्यांतून हाड घडवणाऱ्या पेशी होऊ शकतात, म्हणून त्या ठेवायच्या, ज्या तरंगत राहतात त्या टाकून द्यायच्या. डबीवर देणाऱ्याचे नाव नसते, क्रमांक, वय आणि स्त्री की पुरुष एवढेच असते. ही सहकारी मात्र प्रत्येक डबीचे वय मोठ्याने वाचते. आधी मला ते विचित्र वाटे, आता ती सुट्टीवर असली की मी स्वतः वाचतो.

त्या बाटल्यांतल्या पेशींना खाऊ घालणे हे माझे काम. 37 अंश उष्णता, हवेत 5 टक्के कार्बन डायऑक्साइड आणि दोन-तीन दिवसांआड ताजे द्रव. हे द्रव कोकमाच्या सरबतासारखे गुलाबी असते आणि आम्ल वाढले की पिवळे पडते. पेशींना रविवार कळत नाही, म्हणून आम्ही रविवारच्या पाळ्या लावल्या आहेत. गेल्या हिवाळ्यात अशाच एका रविवारी मी बारा बाटल्यांचे द्रव बदलत असताना मध्येच खिशातला फोन वाजला. मी तो बंद केला आणि हातमोजा न बदलता पुढे काम चालू ठेवले. मंगळवारी सकाळी दार उघडले तर बाराही बाटल्या पिवळ्या आणि ताकासारख्या गढूळ. त्या पेशी एका 81 वर्षांच्या बाईच्या हाडातल्या होत्या, त्यांवर आमच्या एका विद्यार्थिनीचे तीन आठवड्यांचे काम झाले होते, आणि तो गोळा पुन्हा मिळणार नव्हता. मी तिला फोनपासून सगळे सांगितले. ती काही बोलली नाही. तिने एकेका बाटलीत ब्लीच ओतले, बारा झाल्यावर हात धुतले आणि माझ्या हातात काळे पेन देऊन म्हणाली, "नव्या बाटल्यांवर तारीख तू घाल." तेव्हापासून फोन मी बाहेर खुंटीला लावलेल्या कोटात ठेवतो.

सगळे नीट झाले तर साधारण चार आठवड्यांनी त्या पेशी आपल्याभोवती चुना साठवू लागतात. तो दिसावा म्हणून त्यावर अलिझरिन नावाचा रंग घालतात आणि जिथे चुना असेल तिथे लाल ठिपके उमटतात. हा रंग आता कारखान्यात तयार होतो, पण मूळचा तो युरोपातल्या मंजिष्ठेच्या मुळीतला, म्हणजे आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात मिळते त्या मंजिष्ठेच्या सख्ख्या बहिणीतला. 1736 साली जॉन बेल्चियर नावाचा लंडनचा शल्यवैद्य कापडछपाई करणाऱ्या एकाच्या घरी जेवायला गेला असताना त्याला डुकराच्या मांसातली हाडे लाल दिसली. त्या छपाईवाल्याकडे मंजिष्ठेने रंगवलेले कापड साफ करायला कोंडा वापरत आणि उरलेला कोंडा डुकरांना घालत. हाड हे दगडासारखे निपचित नसून रोज थोडे थोडे घडत असते, हे पुढे त्याच रंगाच्या साह्याने कळत गेले.

इथून पुढचा भाग तुझ्या गावाजवळचा आहे. याच शहरातल्या दोन विद्यापीठांत, म्हणजे ग्लासगो विद्यापीठात मॅथ्यू डॅल्बी आणि स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात स्टुअर्ट रीड, यांनी मिळून मगजातल्या पेशींना कोणतेही औषध न देता नुसते हलवून हाडाकडे वळवले. हलवणे म्हणजे तरी किती? सेकंदाला 1000 वेळा, आणि दर वेळी सुमारे 30 नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या दोन-अडीच हजाराव्या हिश्श्याएवढे. 2017 साली त्यांनी जेलीसारख्या मऊ पदार्थात ठेवलेल्या पेशींवर हे करून दाखवले. इतकी बारीक थरथर खरोखर होते आहे की नाही हे मोजायचे कसे, हा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर रीड यांच्या जुन्या कामातून आले, कारण ते मूळचे गुरुत्वीय लहरी, म्हणजे दूर अवकाशातून येणारी अतिसूक्ष्म थरथर, पकडणाऱ्या यंत्रांवर काम करणारे. लेझरच्या किरणांनी अतिसूक्ष्म हालचाल मोजण्याची जी विद्या त्या यंत्रांत आहे, तीच इथे पेशींच्या तबकडीखाली आली. तुमच्या औंढ्याजवळच्या ज्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेसाठी 2023 साली केंद्र सरकारने 2600 कोटी रुपये मंजूर केले, त्याच जातीची ही विद्या. औंढ्याचा माळ आणि ग्लासगोतली पेशींची तबकडी यांचा असा काही संबंध असेल, हे तुला-मला शाळेत असताना कोणी सांगितले असते तर आपण त्याला वेड्यात काढले असते.

या कामाला पैसा कोणी दिला तेही ऐक. इंग्लंडने 1966 चा फुटबॉल विश्वचषक जिंकला, त्या संघातला बॉबी चार्ल्टन. भूसुरुंगांनी हातपाय गेलेली माणसे पाहून त्याने 2011 मध्ये एक संस्था काढली आणि त्या संस्थेने या संशोधनाला 28 लाख पौंड दिले. सुरुंगाने उडवलेल्या पायात हाडाचा तुकडाच्या तुकडा नाहीसा झालेला असतो, तिथे सळई कितीही चांगली असली तरी जोडायला दुसरे टोकच उरत नाही.

आमच्याकडच्या ज्या बाईंची मला सर्वांत जास्त भीती वाटते, त्या कापकामाच्या खोलीत बसतात. उंदराच्या मांडीचे हाड त्यांच्याकडे गेले की त्या ते आधी काही आठवडे एका द्रवात ठेवून त्यातला चुना काढून टाकतात. नंतर ते हाड बोटांत धरून वाकवता येते, रबरासारखे. कोणी नवीन आले की बाई एवढी एकच गंमत करतात, वाकवलेले हाड त्याच्या तळहातावर ठेवतात आणि चेहरा पाहतात. मग ते मेणात बसवून पाच मायक्रोन, म्हणजे मिलिमीटरच्या दोनशेव्या हिश्श्याएवढ्या, जाडीचे काप काढायचे, कोमट पाण्यावर पापडाच्या लाटीसारखे अलगद पसरायचे आणि काचेवर उचलायचे. काप सुरकुतला तर त्या तो आम्हांला दाखवतसुद्धा नाहीत. शास्त्रज्ञांच्या शोधनिबंधात जी सुंदर रंगीत चित्रे छापून येतात ती या बाईंच्या हातची असतात आणि बाईंचे नाव शेवटी आभाराच्या ओळीत असते. माझेही तिथेच असते, पण माझी तक्रार नाही. त्यांची असायला हवी असे मला वाटते.

तळघरातल्या प्राणिगृहाविषयी थोडेच लिहितो. तिथे प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या प्रत्येकाला 1986 च्या प्राणिप्रयोगांच्या कायद्याप्रमाणे सरकारी परवाना लागतो. तिथला माणूस शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक उंदराला पुन्हा पुन्हा पाहून, तो खातो का, पाठ वाकवून बसतो का, हे वहीत टिपतो आणि वेदनाशामक देतो. त्याला आमच्या निष्कर्षांत फारसा रस नाही. एकदा आमच्या प्रमुखांनी आणखी सहा उंदीर मागितले, तेव्हा याने "आधीच्या सहांचे काय झाले ते लिहून द्या" असे सर्वांसमोर सांगितले, आणि प्रमुखांनी ते लिहून दिले.

तू म्हणशील, एवढी माणसे आणि एवढी वर्षे, तरी दादांसाठी काही नाही? मार्शल युरिस्ट या अमेरिकी अस्थिशल्यवैद्यांनी 1965 मध्ये लॉस एंजेलिसला चुना काढून टाकलेले हाड प्राण्यांच्या स्नायूत ठेवले आणि स्नायूत, जिथे हाड असण्याचे काही कारण नाही तिथे, नवे हाड तयार झाले. हाडात हाड बोलावणारे काहीतरी असते, हे त्यावरून कळले. त्यातले एक प्रथिन औषध म्हणून अमेरिकेत मंजूर व्हायला 2002 साल उजाडले. तेही लोकांनी सढळ हाताने वापरले तेव्हा कुठे सूज आली, कुठे नको तिथे हाड वाढले. आता प्रयत्न आहे तो तेच प्रथिन अगदी थोडे आणि हव्या त्याच जागी धरून ठेवण्याचा. इथल्याच पशुवैद्यांनी काही वर्षांपूर्वी मोटारीखाली सापडलेल्या एवा नावाच्या कुत्रीचा पाय त्या रीतीने वाचवला. कुत्रीपासून माणसापर्यंतचा रस्ता मात्र लांब आहे आणि तो लांब असावा, असे माझे मत आहे.

आता दादांच्या मूळ तक्रारीकडे येतो. आमच्याबरोबर एक शल्यविशारद आठवड्यातले दोन दिवस प्रयोगशाळेत काम करतात. कृत्रिम हाडावर त्यांचे कितीतरी निबंध आहेत. मी त्यांना दादांची हकीकत सांगितली आणि विचारले, की असा रुग्ण तुमच्यासमोर आला तर तुम्ही काय भराल? त्यांनी क्षणभरही विचार न करता स्वतःच्या कमरेवर हात ठेवला. कमरेच्या हाडात जिवंत पेशी असतात, त्यांना लागणारे प्रथिन असते आणि पेशींना धरून ठेवणारी जाळी असते, आणि सगळे त्याच माणसाचे असते. आम्ही बाटल्यांत, तबकड्यांत आणि मेणात जे जमवू पाहतो ते तिथे आयते तयार आहे. काही आठवडे कंबर दुखेल, हे खरे आहे आणि ते दादांपासून लपवू नये. परक्याचे हाड आणून बसवण्याचा पहिला नावाजलेला प्रयोगही याच शहरात झाला. विल्यम मॅकएवेन या इथल्या शल्यवैद्यांनी एका लहान मुलाच्या दंडात, मुडदुसाने वाकलेल्या दुसऱ्या मुलांच्या नडग्यांतून काढलेले तुकडे बसवले आणि 1881 साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. दादांना तर दुसऱ्या कोणाचे हाड घ्यायचेही नाही. "धडधाकट हाडालाही हात लावणार का?" याचे उत्तर हेच आहे, की ते धडधाकट आहे म्हणूनच.

शस्त्रक्रियेआधी फटीत जंतू नाहीत ना, याची तपासणी झाली आहे का, हे डॉक्टरांना अवश्य विचार. मधुमेहाची तपासणी झाली नसेल तर तीही करून घे. आणि विडी. हे मी जाणूनबुजून शेवटी ठेवले, कारण पत्र तू त्यांना वाचून दाखवशील आणि ते इथे आल्यावर उठून जातील. धुराने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि नडगीला रक्ताची आधीच टंचाई आहे. शस्त्रक्रिया झाल्यावरही विडी चालू राहिली, तर कमरेचे हाड फुकट गेले असे समजावे. त्यांना माझे नाव घेऊन सांग. माझ्यावर रागावले तर चालेल, मी साडेसात हजार किलोमीटर लांब आहे.

उद्या रविवार आहे आणि पाळी माझी आहे. शस्त्रक्रियेची तारीख ठरली की कळव. काकूंना आणि दादांना साष्टांग नमस्कार.

तुझा,
हाडांचा गवळी