कोशिंबीर बंद, हलवा चालू

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला परागकण आणि अन्नाच्या अॅलर्जीवरचा लेख वाचला. दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा वाटलं की चष्म्याचा नंबर वाढलाय. 'गाजरगवताची अॅलर्जी असणाऱ्यांनी गाजर टाळावे.' का हो? त्याची पानं गाजराच्या पाल्यासारखी दिसतात म्हणून लोकांनी ते नाव ठेवलं, एवढंच. गाजर कोथिंबीर-जिऱ्याच्या कुळातलं. गाजरगवत (मुळात ते गवतही नव्हे) झेंडू-सूर्यफुलाच्या कुळातलं. याच न्यायाने कुत्र्यांची अॅलर्जी असणाऱ्यांनी कुत्र्याच्या छत्र्यांपासूनही लांब राहावं.

एवढ्यावर मी पत्र लिहिलं नसतं. पण गाजर म्हटलं की माझी दुखरी नस आहे.

माझी सून तासगावची, द्राक्षबागेत वाढलेली. इथे तिला कधी साधी शिंकही आली नाही. लग्नानंतर स्टुटगार्टला गेली आणि चौथ्या वर्षी मार्च सरता सरता डोळे लाल, नाक वाहतं. तिकडे त्या सुमारास बर्च फुलतो. आपल्याकडे ज्याच्या सालीवर पोथ्या लिहीत, त्या भूर्जाचंच हे भावंड. मी नेमकी त्याच एप्रिलमध्ये गेले होते. रामनवमीला गाजराची कोशिंबीर केली. तिने एक घास घेतला आणि वाटी बाजूला सारली. म्हणे ओठ चुरचुरतात, घसा खाजतो, कानात आतून खाज येते. मी तोंडावर काही बोलले नाही, स्वयंपाकघरात मुलाला म्हणाले, "नखरे आहेत, दुसरं काय!" तिकडच्या घरांच्या भिंती पातळ असतात. दुसऱ्या दिवशी उरलेल्या गाजरांचा हलवा केला, तो मात्र तिने दोन वाट्या खाल्ला. झालं, माझी खात्रीच पटली.

पुढे तिनेच मला समजावलं. एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेल्या बाईला! बर्चच्या परागातलं एक प्रथिन आणि सफरचंद, गाजर, चेरी, हेझलनट यांतली प्रथिनं एकमेकांसारखी दिसतात. शरीराचं वैर परागाशी, पण ते गाजरालाही धरतं. आडनाव सारखं म्हणून पोलिसांनी भलत्याच जोशींना उचलावं तसं. ही प्रथिनं नाजूक असतात, शिजवली की त्यांचा आकार मोडतो आणि ओळख पटत नाही. म्हणून कोशिंबीर बंद, हलवा चालू. कच्चं सफरचंद नको, पण तेच शिजवून केकमध्ये घातलं तर चालतं.

तुमच्या अख्ख्या लेखात कच्चं आणि शिजवलेलं हा फरकच नाही. 'ज्याने खाज येते ते कायमचे बंद करा' की संपलं. आणि जिथे खरंच जपायला हवं तिथे लेख गप्प. बर्चच्या रुग्णांना सोयाचं दूध किंवा सोयाची प्रोटीन पावडर घेतल्यावर मोठी रिअॅक्शन येऊ शकते, असा इशारा जर्मनीच्या सरकारी संस्थेने २००७ मध्येच दिलाय. ओठांची खाज बहुधा थोड्या वेळात आपोआप जाते. पण श्वास अडकला, घसा सुजला, अंगभर गांधी उठल्या तर दवाखाना गाठायचा. ही दोन वाक्यं छापायला जागा नव्हती, आणि सूर्यफुलांच्या शेतात शिंकणाऱ्या मुलीच्या फोटोला अर्धं पान होतं! सूर्यफुलाचा पराग जड, चिकट असतो, तो मधमाशी नेते. आपल्या नाकात जातो तो वाऱ्यावर उडणारा, ज्याच्या फुलाकडे कुणी ढुंकूनही बघत नाही असला.

राहता राहिला तुमचा 'रक्ताची सर्वसमावेशक चाचणी करून घ्या' हा सल्ला. गेल्या दिवाळीत सून आली तेव्हा नातेवाइकांच्या आग्रहाने इथल्या एका लॅबमध्ये तीही केली. दीड पानांची यादी आली: गहू, शेंगदाणे, हरभरा, दूध. फोनवरचा माणूस म्हणाला, सगळं बंद. तीन आठवड्यांच्या सुट्टीतले बारा दिवस पोरीने भाताची पेज खाल्ली, तीही फराळाच्या ताटासमोर. परत गेल्यावर डॉक्टरांनी कागद पाहिला आणि सांगितलं की ही रक्तातल्या आयजीजी नावाच्या प्रतिपिंडांची चाचणी, तुम्ही काय खाता तेवढंच ती सांगते. म्हणजे भाकरी खाणाऱ्याला 'तू भाकरी खातोस' असं पैसे घेऊन कळवायचं.

गाजरगवताचं खरं नातं अमेरिकेतल्या रॅगवीड नावाच्या तणाशी आहे. रॅगवीडचा त्रास असणाऱ्यांपैकी काहींना तिकडे खरबूज, कलिंगड, केळं, काकडी खाऊन तोंडाला खाज सुटते. पुण्या-मिरजेच्या वाचकांना त्याबद्दल सांगितलं असतं तर उपयोग झाला असता. तुम्ही सांगता काय, तर हेझलनट टाळा. आमच्या मंडईत एक तरी हेझलनट दाखवा, मी टाळते.

त्या कोशिंबिरीबद्दल मी सुनेची अजून माफी मागितलेली नाही. हे पत्र छापलंत तर कात्रण पाठवीन म्हणते.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, मिरज

ता.क. शब्दकोड्याची उत्तरं 'उद्याच्या अंकात' म्हणून गेले दोन रविवार छापता. आमच्याकडे दोन्ही सोमवारी ती आलेली नाहीत. आडवे शब्द ९ अजून अडलंय.